अल्झायमरच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती खरोखर कमी झालेली असते का?

नागपूरच्या मानेवाडा भागातील एका ताईंनी विचारले आहे. त्यांच्या ७६ वर्षांच्या सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचे निदान झाले. घरची माणसे ओळखणे, स्वतःच्या हाताने जेवणे, संध्याकाळी देवाजवळ दिवा लावणे एवढे त्या फेब्रुवारीपर्यंत करत होत्या. त्यानंतरच्या पाच महिन्यांत त्यांना तीनदा ‘लघवीचे इन्फेक्शन’ झाले, तिन्ही वेळा अँटिबायोटिक दिले गेले आणि तिन्ही वेळा त्या आधीपेक्षा खालावल्या. आता त्या सुनेलाच ‘तुम्ही कोणाकडच्या?’ असे विचारतात. एका नातेवाइकांनी प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलीच्या गोळ्या आणून दिल्या आहेत. ताईंना जाणून घ्यायचे आहे की या आजारात प्रतिकारशक्ती कमी होते का, ती वाढवायला काही द्यावे का, लस टोचावी का, आणि सासूबाई पुन्हा पूर्वीइतक्या तरी होतील का.

ताई, मी बावीस वर्षांपासून नागपुरात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण पाहते आहे आणि हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत माझ्यासमोर सतत येतो. त्यात दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. मेंदूची स्वतःची एक प्रतिकारयंत्रणा असते आणि बाकी शरीराची दुसरी. अल्झायमरमध्ये पहिली गरजेपेक्षा जास्त आणि चुकीच्या ठिकाणी काम करू लागते, तर दुसरी मुख्यतः वयामुळे मंद झालेली असते. ‘कमी झाली’ किंवा ‘वाढली’ यांपैकी कोणताही एक शब्द दोन्हींना लागू पडत नाही, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. मी सासूबाईंना तपासलेले नाही. त्यांना मधुमेह आहे का, लघवी पूर्ण होते का, अल्झायमरच्या जोडीला मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजारही आहे का, कोणत्या गोळ्या सुरू आहेत, यांवर पुढचे बरेचसे अवलंबून आहे, हे लक्षात ठेवूनच हे उत्तर वाचावे.

आधी मेंदूच्या आतले पाहू. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगेनच्या सभेत आपल्या रुग्णाच्या मेंदूचे वर्णन केले. त्यातले साचलेले थर आणि चेतापेशींमधल्या गुंतवळी यांची चर्चा पुढे शंभर वर्षे झाली, पण चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींमधले बदलही त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. १९१९ मध्ये पीओ देल रिओ ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने त्या पेशींपैकी एक प्रकार वेगळा ओळखून त्याला मायक्रोग्लिया हे नाव दिले. मेंदूतली साफसफाई आणि पहारा ही दोन्ही कामे या पेशींकडे असतात. मेलेल्या पेशी उचलणे, अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे साचलेले गोळे वेढून टाकणे, जंतू आला तर इशारा देणे हे त्यांचे रोजचे काम आहे.

अल्झायमरमध्ये अमिलॉइड वर्षानुवर्षे साचत जाते आणि ते पुरते उचलणे या पेशींना जमत नाही. सुरुवातीला त्या गोळ्यांभोवती कडे करतात व त्यामुळे थोडे संरक्षणही होते. मात्र काम संपतच नाही, पेशी कायम उत्तेजित राहतात आणि दाह निर्माण करणारी रसायने सोडत राहतात. ही रसायने चेतापेशींना अपाय करतात. शिवाय प्राण्यांवरच्या प्रयोगांत असे दिसले आहे की मायक्रोग्लिया चेतापेशींमधले चांगले जोडही उचलून टाकतात आणि हे आजाराच्या अगदी आरंभी घडते. डॉक्टर ‘मेंदूत सूज आहे’ असे म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा हे असते. डोक्याला मार लागल्यावर येते तशी ही सूज नसते आणि साध्या स्कॅनमध्ये ती दिसतही नाही.

ही यंत्रणा केवळ आजाराचा परिणाम आहे की कारणातही तिचा वाटा आहे, हा वाद बराच काळ चालला. २०१३ मध्ये ट्रेम-२ या जनुकातला एक दुर्मीळ बदल सापडला. हे जनुक मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियामध्येच काम करते आणि तो बदल असलेल्या माणसाला अल्झायमर होण्याचा धोका साधारण दोन ते चार पट असतो. साफसफाई करणाऱ्या पेशीत जन्मतःच दोष असेल तर आजाराची शक्यता वाढते, हे त्यावरून स्पष्ट झाले, आणि माझ्या मते या विषयातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे.

आता बाकी शरीराकडे वळू. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे टी-पेशी तयार होतात आणि ती ग्रंथी तारुण्यापासूनच आक्रसत जाते. पंचाहत्तरीत नव्या जंतूला ओळखू शकणाऱ्या ताज्या टी-पेशी फार थोड्या उरतात, जुन्या अनुभवी पेशींची गर्दी होते आणि रक्तात किरकोळ दाह सतत चालू राहतो. हे सगळ्याच वृद्धांत होते. अल्झायमरच्या रुग्णांमध्ये त्यावर आणखी काही आढळले आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या पाठीच्या पाण्यात एकाच वंशाच्या टी-पेशींचे समूह सापडले, म्हणजे कशाला तरी प्रतिसाद देऊन त्या पेशींनी तिथे आपली संख्या वाढवली होती. रुग्णाला घरी सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने मात्र याहून महत्त्वाची गोष्ट अशी की वृद्धांमध्ये गंभीर जंतुसंसर्ग झाला तरी २० ते ३० टक्के वेळा ताप येतच नाही, किंवा आला तरी अगदी थोडा येतो. त्यात ज्यांना ‘दुखतंय’, ‘जळजळ होतेय’ हे सांगता येत नाही, त्यांचा आजार घरच्यांच्या लक्षात उशिरा येतो.

या दोन यंत्रणा एकमेकींशी जोडलेल्या आहेत आणि सासूबाईंच्या बाबतीत घडले ते या जोडामुळेच. शरीरात कुठेही जंतुसंसर्ग झाला की रक्तात सायटोकाइन नावाची रसायने वाढतात. त्यांचा निरोप रक्तावाटे आणि काही मज्जातंतूंवाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. तरुण माणसाला अशा वेळी कणकण वाटते, भूक मरते, पडून राहावेसे वाटते. अल्झायमरच्या मेंदूत मायक्रोग्लिया आधीच उत्तेजित असतात, त्यामुळे तोच निरोप मिळाल्यावर त्यांची प्रतिक्रिया फार तीव्र होते आणि माणूस एक-दोन दिवसांत पार बदलून जातो. आपल्याकडे जुनी माणसे ‘वात झाला’ म्हणतात ती हीच अवस्था. वैद्यकात तिला डिलिरियम म्हणतात. २००९ मध्ये साउदम्प्टनच्या संशोधकांनी अल्झायमरच्या सुमारे ३०० रुग्णांचा सहा महिने माग ठेवला. ज्यांना त्या काळात जंतुसंसर्ग किंवा दाहाचा दुसरा काही प्रसंग आला, त्यांची घसरण इतरांच्या साधारण दुप्पट वेगाने झाली. हा संबंध आहे, कारणाचा थेट पुरावा नाही. पण माझ्या ओपीडीत मी जे पाहत आले आहे त्याच्याशी तो पुरेपूर जुळतो.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण त्यातून मी स्वतः शिकले. चार वर्षांपूर्वीच्या नवतप्यात महाल भागातल्या एका सुनेचा फोन आला. आजी दोन दिवसांपासून चादरीच्या काठाचे दोरे उपसत बसतात, हवेतून काहीतरी वेचून तोंडात घालतात आणि सुनेला कधीच्याच वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारतात. ताप नव्हता. बाहेर ४५ अंशांचे ऊन, पाणी पिणे कमी, म्हणून मी लघवीची तपासणी सांगितली. कल्चरमध्ये जंतू आले, मी अँटिबायोटिक सुरू केले आणि कारण सापडले असे मानले. दोन दिवसांनी फरक नाही म्हणून घरी गेले. कूलरच्या घरघरीत काही ऐकू येत नव्हते. तो बंद करायला लावला आणि आजींच्या छातीवर हात ठेवून घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला ३० भरले. सुनेने वहीत लिहून ठेवले होते की एरवी सकाळी त्यांचे अंग ९७ असते आणि त्या दिवशी ९९.२ होते. तो आकडा कोणालाच ताप वाटला नव्हता, पण त्यांच्यासाठी तो तापच होता. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया निघाला. जेवताना ठसका लागायचा, ही गोष्ट नंतर विचारल्यावर कळली.

लघवीतले जंतू खरे होते, पण आजार त्यांच्यामुळे झाला नव्हता. वयस्कर स्त्रियांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू आढळणे फार सामान्य आहे. तेव्हापासून मी एक नियम पाळते. रुग्ण अचानक बदलला आणि लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू आले, एवढ्यावरून लघवीच्या संसर्गाचे निदान करायचे नाही. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, वरचेवर लागणे, ताप किंवा थंडी वाजणे यांपैकी काही आहे का ते पाहायचे आणि नसेल तर छाती, दात, पाठीवरची व टाचेची त्वचा, शौचाची कोंडी, रक्तातले सोडियम आणि गेल्या पंधरा दिवसांत सुरू झालेली प्रत्येक गोळी तपासायची. अंगात ताप किंवा थंडी असेल, रक्तदाब उतरला असेल किंवा रुग्ण गळून गेला असेल तर मात्र थांबायचे नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

म्हणून ताई, पहिली विनंती अशी की तिन्ही वेळचे रिपोर्ट आणि त्या दिवसांची लक्षणे एकत्र मांडून आपल्या डॉक्टरांना दाखवा. तिन्ही वेळा संसर्ग खरा असेल, तर सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा होणाऱ्या संसर्गाला आम्ही ‘वारंवार होणारा’ म्हणतो आणि त्यामागचे कारण शोधावे लागते. लघवी केल्यानंतर पिशवीत किती उरते हे सोनोग्राफीत कळते. ती साठत असेल तर जंतूंना आयते घर मिळते. बद्धकोष्ठ असेल तर लघवीही अडते. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने असे संसर्ग कमी होतात. आपल्याकडे संकोचामुळे हा उपाय सुचवलाही जात नाही आणि विचारलाही जात नाही, याचे मला वाईट वाटते. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून तो जरूर करावा. मधुमेहाची साखर लघवीतून बाहेर काढणारी गोळी चालू असेल तर त्या भागाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून तीही दाखवावी.

औषधांच्या बाबतीत एक साखळी मला वारंवार दिसते. स्मरणशक्तीसाठी दिलेल्या डोनेपेझिलने काहींना लघवी आवरत नाही. मग त्यासाठी पिशवी शिथिल करणारी गोळी दिली जाते. तिच्यातल्या काही गोळ्या मेंदूत डोनेपेझिलच्या नेमके उलट काम करतात, रुग्ण जास्त गोंधळतो आणि लघवी अडते. सर्दीच्या आणि झोपेसाठी दुकानातून आणलेल्या काही गोळ्यांचाही हाच परिणाम होतो. घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता, अगदी नातेवाइकांनी दिलेल्यासुद्धा.

त्या गुळवेलीबद्दल स्पष्टच सांगते. माझा सल्ला ती बंद करण्याचा आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांमधल्या यकृताच्या गंभीर दाहाची नोंद केली, आणि त्या दाहाचे स्वरूप शरीराने स्वतःच्याच यकृतावर हल्ला करावा तसे होते. प्रतिकारयंत्रणा चेतवणारा पदार्थ ती नेमकी कोणाविरुद्ध चेतवील हे आपल्या हातात नसते. अल्झायमरच्या संशोधनालाही याची किंमत मोजावी लागली आहे. अमिलॉइडविरुद्ध शरीराला चेतवणाऱ्या पहिल्या लसीची चाचणी २००२ मध्ये थांबवावी लागली, कारण लस घेतलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के रुग्णांच्या मेंदूला आणि त्याच्या आवरणाला दाह झाला. उलट बाजूने, दाह कमी करून आजार रोखता येईल या आशेने नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या वेदनाशामकांची मोठी चाचणी झाली. तीही हृदयविकाराच्या धोक्याच्या शंकेने डिसेंबर २००४ मध्ये थांबली आणि स्मृतिभ्रंश काही टळला नाही. आजार झालेल्यांना स्टेरॉइड देऊनही पाहिले गेले, त्याचाही उपयोग झाला नाही. म्हणून कोणी ‘मेंदूची सूज उतरवणारी’ गोळी सुचवली, तरी ती घेऊ नये. भाजीतली हळद चालू द्या, त्यात काही वावगे नाही.

शरीराची यंत्रणा शाबूत राहावी यासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे, फक्त ते बाटलीत मिळत नाही. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून कमी असेल तर भरून काढावे. रोज दोन्ही वेळच्या जेवणात घट्ट वरण, दही, अंडे चालत असेल तर अंडे असावे, कारण प्रथिनांची उणीव असलेल्या वृद्धाला संसर्ग लवकर गाठतो. पाण्यासाठी तहानेची वाट पाहू नये, या आजारात तहान सांगितली जात नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दर दीड-दोन तासांनी अर्धा पेला पाणी, ताक, पन्हे किंवा आंबील हातात द्यावी आणि प्यायल्याशिवाय पेला खाली ठेवू देऊ नये. जेवताना पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली आणि घास लहान असावा. दात रोज घासून द्यावेत. घासले न गेलेले तोंड आणि ठसका यांतून होणारा न्यूमोनिया हे या आजारातल्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. डायपर ओला झाल्याबरोबर बदलावा आणि स्वच्छता पुढून मागे करावी.

लसींच्या बाबतीत मी निःशंकपणे होकार देते. वृद्धांमध्ये लसीचा प्रतिसाद तरुणांइतका येत नाही, पण जेवढा येतो तेवढ्याने न्यूमोनियाचे आणि इस्पितळात भरतीचे प्रमाण घटते. फ्लूची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी द्यावी. या वर्षी राहून गेली असेल तर आता द्यावी. न्यूमोकोकसची लस एकदा द्यावी लागते, प्रकार डॉक्टर ठरवतील. नागिणीच्या नव्या लसीचे दोन डोस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने असतात. ती महाग आहे, म्हणून पैशांची ओढाताण असेल तर पहिल्या दोन आधी उरकाव्यात. नागिणीच्या लसीवरून हल्ली बरीच चर्चा आहे. वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ पासून ती सुरू झाली, तेव्हा २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिळाली आणि आदल्या दिवसापर्यंत जन्मलेल्यांना कधीच मिळाली नाही. एका आठवड्याच्या अंतराने जन्मलेल्या माणसांत दुसरा काही फरक असण्याचे कारण नव्हते, तरी लस घेतलेल्यांमध्ये सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचे नवे निदान सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. ती लस जुन्या प्रकारची होती आणि हा निष्कर्ष आजार होण्याआधीच्या माणसांचा आहे. सासूबाईंचा आजार त्याने मागे फिरेल असे म्हणता येत नाही. आपले यजमान आणि नणंदा यांनी मात्र त्याचा विचार करावा. लस देण्यासाठी सध्याचा संसर्ग पूर्ण निवळू द्यावा.

अमिलॉइड काढून टाकणाऱ्या प्रतिपिंडांच्या इंजेक्शनांविषयीही लोक विचारतात, म्हणून दोन वाक्ये. लेकॅनेमॅबने १८ महिन्यांत घसरणीचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला, पण तो आजाराच्या अगदी सुरुवातीच्या रुग्णांत, आणि मेंदूत पाणी साचणे किंवा बारीक रक्तस्राव होणे या धोक्यांमुळे वारंवार एमआरआय करावे लागले. सासूबाईंची अवस्था त्या टप्प्याच्या पुढची दिसते, त्यामुळे त्यासाठी कर्ज काढू नये.

आता आपला शेवटचा प्रश्न, जो बहुधा आपल्या मनात पहिला असेल. डिलिरियम उतरायला जंतुसंसर्ग बरा झाल्यानंतरही काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. काही रुग्ण आधीच्या पातळीवर येतात, काही थोडे खालीच स्थिरावतात, आणि कोण कुठे थांबेल हे आज सांगता येत नाही. आपल्या सासूबाईंना लागोपाठ तीन धक्के बसले असल्यामुळे त्यांना सावरायला वेळच मिळालेला नाही. या काळात आजार वाढला असे समजून स्मरणशक्तीच्या गोळीचा डोस वाढवू नये आणि रात्री शांत ठेवण्यासाठी झोपेचे औषध परस्पर सुरू करू नये. चष्मा आणि कानाचे यंत्र लावलेले असावे, दिवसा खोलीत उजेड असावा, रात्री मंद दिवा असावा. त्या ‘तुम्ही कोणाकडच्या?’ असे विचारतील तेव्हा ‘मी तुमच्या घरची’ एवढेच सांगून हात धरावा, त्या वेळी नाव आठवायला लावू नये. महालच्या त्या आजींना सुनेचे नाव आठवायला सात आठवडे लागले, तोवर सून रोज संध्याकाळी त्यांच्या हातात काडेपेटी देऊन दिवा लावताना आपला हात त्यांच्या हाताखाली धरत असे.

एक वही आजच सुरू करा. सासूबाई बऱ्या असतील अशा सात दिवसांचे सकाळचे तापमान, झोपेत असताना एका मिनिटाचे श्वास, शौच झाले की नाही आणि किती पेले पाणी गेले, एवढेच लिहा. नेहमीपेक्षा दोन अंश फॅरेनहाइटने ताप वाढला, श्वास २५ च्या वर गेले किंवा एका दिवसात वागणे बदलले, तर वही घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.